टेराकोटा की स्टोनवेअर? माठाकडची वाटी आणि बरणीकडचा मग

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या लाकडी फळीवर एक गोल, काळपट डाग पडला. पुसला, वाळवला, दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. फळीवरची दह्याची वाटी उचलली तेव्हा कारण कळलं. निळ्या-हिरव्या ग्लेझची (ग्लेझ म्हणजे मातीवर चढवलेला काचेसारखा चकचकीत थर), हातात धरली की सोडवणार नाही अशी सुंदर वाटी. महिन्यापूर्वीच एका प्रदर्शनातल्या छोट्या स्टॉलवरून आणलेली. आत दही, बाहेरून कोरडी ठणठणीत, आणि बुडाला मात्र ओल. धुऊन ठेवली तरी आंबूस वास जाईना. ‘सिरॅमिक आहे ना?’ असं मी घेताना विचारलं होतं. ‘हो, सिरॅमिकच,’ असं उत्तर मिळालं होतं. उत्तर खोटं नव्हतं, माझा प्रश्न चुकला होता.

सिरॅमिक म्हणजे भट्टीत भाजलेली माती, एवढाच त्याचा अर्थ. पणतीही सिरॅमिक, संडासाचं भांडंही सिरॅमिक. मुंबईत छोट्या दुकानांमधून, कलाकारांच्या स्टॉलवरून आपण जे मग, वाट्या, ताटल्या, फुलदाण्या घेतो, त्यांत मुख्यतः दोन वेगळ्या वस्तू एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात. एक टेराकोटा, म्हणजे कमी आचेवर भाजलेली लाल माती. दुसरी स्टोनवेअर, म्हणजे चांगल्या कडक आचेवर भाजून दगडासारखी झालेली माती. वर सारख्याच रंगाचं ग्लेझ चढवलं की भल्याभल्यांना फरक दिसत नाही.

पण हा फरक आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. एका कोपऱ्यात माठ, दुसऱ्या कोपऱ्यात लोणच्याची बरणी. माठ पाणी पितो, पाझरतो आणि त्यामुळेच पाणी गार ठेवतो. वर तपकिरी, खाली पांढुरकी अशी ती जुनी जड बरणी वर्षभर मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा पोटात घेऊन बसते, पण थेंब बाहेर येऊ देत नाही. माठात कुणी लोणचं घातलेलं ऐकलंय का? दुकानातली प्रत्येक वाटी, प्रत्येक मग या दोघांपैकी एकाच्या घरचा असतो. कुणाच्या घरचा, एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी माठाचं घर. कुंभाराच्या लाल मातीत लोह असतं, म्हणून ती भाजल्यावर विटकरी होते. ही माती साधारण हजार अंशांच्या आसपास पक्की होते. फार वर नेली तर बसते, वाकडी होते. त्या आचेवर मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पण मधल्या फटी बुजत नाहीत. म्हणून टेराकोटा आपल्या वजनाच्या दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त पाणी शोषून घेतं. हिशोब करून बघा. तीनशे ग्रॅमची वाटी तीस ग्रॅम पाणी पिऊ शकते, म्हणजे दोन मोठे चमचे. माझ्या फळीवरचा डाग तिथूनच आला होता. आतल्या ग्लेझला कुठेतरी केसाएवढे तडे गेले होते, त्यांतून दह्याचं पाणी मातीत शिरलं आणि बुडाच्या उघड्या भागातून बाहेर आलं.

स्टोनवेअरची माती मुळातच वेगळी. तिच्यात जास्त उष्णता सोसणारी माती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि गारगोटीची पूड असते, आणि तिला बाराशे ते तेराशे अंशांपर्यंत नेतात. त्या आचेवर फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि आतल्या फटी भरून टाकतो. म्हणजे नुसतं वरचं ग्लेझ नव्हे, भांड्याचं अंगच पाण्याला वाट देत नाही. स्टोनवेअरचं शोषण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ग्लेझला चीर गेली तरी आतलं अंग पाणी अडवून धरतं. माझ्या मते दोघांमधला खरा फरक हाच: टेराकोटाची सगळी भिस्त वरच्या थरावर, स्टोनवेअरची स्वतःच्या अंगावर.

हे मला नीट समजलं ते धारावीच्या कुंभारवाड्यात. ९० फुटी रस्त्यावरून आत वळलं की पहिल्यांदा धुराचा वास येतो, मग अंगणातल्या भट्ट्या दिसतात आणि त्यांच्या भोवती उन्हात मांडलेल्या कच्च्या पणत्या, कुंड्या, माठ. इथले बरेचसे कुंभार मूळचे सौराष्ट्रातले, घरात गुजराती बोलणारे. भट्टीत कापसाचा कचरा आणि चिंध्या जळत असतात. त्या आगीत लाल माती छान भाजते, पण स्टोनवेअरची आच तिथे मिळत नाही. त्यासाठी बंद भट्टी लागते, बहुतेक वेळा विजेची किंवा गॅसची.

एका अंगणात कुंड्या रचत बसलेल्या बेनना मी पिशवीतली माझी निळी वाटी दाखवली. त्यांनी ती आतून बघितलीच नाही. सरळ उलटी केली, बुडाच्या बिनग्लेझच्या कडेवर ओल्या बोटाने एक थेंब ठेवला. थेंब पसरला, त्याचा गडद ठिपका झाला आणि मी मनात पाच मोजेपर्यंत ठिपक्यावरची चमक गेली. ‘हा पिणार, ताई,’ त्या म्हणाल्या. मग आतून स्वतःचा चहाचा मग आणला, कुणीतरी भेट दिलेला, जाड आणि राखाडी. त्याच्या बुडावर थेंब ठेवला. तो तसाच फुगून बसला. शेवटी त्यांनी पदराने पुसला.

ही परीक्षा कुठल्याही स्टॉलवर करता येते. भांड्याचं बूड भट्टीच्या फरशीला चिकटू नये म्हणून तिथलं ग्लेझ बहुतेक वेळा पुसून टाकलेलं असतं. भांड्याची खरी माती तिथे उघडी सापडते. विकणाऱ्याला विचारून, बोट किंचित ओलं करून लावायचं. बूड पूर्ण ग्लेझ केलेलं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. मग विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

बाकीच्या परीक्षांवर माझा फार विश्वास नाही. टिचकी मारून खणखणीत वाजलं की स्टोनवेअर, असं पुष्कळ जण सांगतात. पण माठ घेताना आपण टिचकीच मारतो ना? चांगला भाजलेला माठही खणखणीत वाजतो. टिचकीने तडा कळतो, मातीचा प्रकार नाही. रंगही फसवतो. स्टोनवेअरच्या मातीत लोह असलं की तीही तपकिरी, चॉकलेटी दिसते, आणि टेराकोटावर पांढऱ्या मातीचा हात फिरवला की ते फिकट दिसतं. वजनाचं म्हणाल तर ते बनवणाऱ्याच्या हातावर.

सगळ्यात कामाचा आहे तो एक साधा प्रश्न: ‘हे किती तापमानाला भाजलंय?’ स्वतः चाकावर बसणारा माणूस क्षणात सांगतो. बाराशे वीस, बाराशे चाळीस, किंवा ‘हे कमी आचेचं आहे, यात पातळ काही ठेवू नका.’ वर दोन गोष्टी आपणहून सांगतो, कुठलं ग्लेझ, कुठल्या भट्टीत, आणि त्या खेपेला किती वाट्या फुटल्या. कुठून तरी घाऊक माल आणून विकणारा मात्र ‘हँडमेड आहे मॅडम’ यापलीकडे जात नाही. घाऊक माल वाईट असतो असं मला अजिबात म्हणायचं नाही. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावात भांड्यांचा केवढा मोठा उद्योग आहे, आणि मुंबईच्या कितीतरी दुकानांतली रंगीत कपबशी तिथूनच येते. रोजच्या वापराला ती उत्तम. पण ती ‘आमच्या स्टुडिओतली’ म्हणून दुप्पट दराने घ्यायची नाही, एवढंच.

किमतीवरून आठवलं. स्टुडिओतला एक मग आठशे-हजाराला का, असं मलाही पूर्वी वाटायचं. तो मग ओला असतो तेव्हा दहा-बारा टक्क्यांनी मोठा असतो, सुकताना आणि भाजताना आकसतो. म्हणजे करतानाच तेवढा अंदाज धरावा लागतो. तो दोनदा भाजला जातो, एकदा नुसती माती, मग ग्लेझ लावून पुन्हा. दुसऱ्या भट्टीत कान तडकला तर सगळी मेहनत वाया. मुंबईच्या पावसाळ्यात भांडी सुकायलाच दिवसच्या दिवस लागतात, आणि ओलसर भांडं भट्टीत गेलं तर आतल्या वाफेने फुटतं. हे एकदा डोळ्यांनी बघितल्यापासून मी घासाघीस सोडून दिली आहे. आणि हो, कुंभारवाड्यातही घासाघीस करत नाही. ‘मातीचं तर आहे’ म्हणून दहा रुपयांसाठी अडून बसणं मला आता पाहवत नाही.

या सगळ्याचा अर्थ टेराकोटा कमी दर्जाचा असा कुणी काढला तर मला वाईट वाटेल. पाझरणं हा माठाचा दोष नव्हे, तेच त्याचं काम. बाहेर आलेलं पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणूनच दमट मुंबईतल्या माठापेक्षा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यातल्या माठाचं पाणी जास्त गार. म्हणूनच जुना माठ फटी बुजल्यावर पाणी गार करेनासा होतो. आणि म्हणूनच सजावटीच्या दुकानात मिळणारा ऑइलपेंटने रंगवलेला माठ दिसायला कितीही गोड असला तरी पाणी गार करत नाही, त्याचा श्वासच कोंडलेला असतो. मातीच्या भांड्यात लावलेलं दही घट्ट होतं, कारण भांडं त्यातलं थोडं पाणी पितं. (हे बिनग्लेझच्या भांड्याचं झालं, आणि ते दर वेळी खळखळून धुऊन उन्हात ठेवावं लागतं.) कुंडी टेराकोटाचीच हवी, मुळांना हवा मिळते. स्टोनवेअरची कुंडी घेतलीच तर बुडाला भोक आहे की नाही ते आधी बघा. दिवाळीत आपली आई-आजी पणत्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे पणती आधीच पाणी पिऊन तृप्त होते आणि तेल कमी पिते. या एका रिवाजात टेराकोटाचं सगळं शास्त्र आलं.

आचेवर तर टेराकोटाच वरचढ. बिनग्लेझच्या मातीच्या हंडीत मंद आचेवर डाळ शिजते, कारण तिच्या सैल अंगाला तापताना फुगायला वाव असतो. स्टोनवेअर घट्ट, म्हणून गॅसच्या थेट ज्योतीवर ते तडकू शकतं. ओव्हनमध्ये हळूहळू तापवलं तर चालतं. मायक्रोवेव्हमध्ये उलट: पाणी प्यायलेला टेराकोटाचा कप आतल्या पाण्यासकट तापतो, चहा कोमट आणि कान चटका देणारा असा प्रकार होतो, कधी कप फुटतोही.

एका बाबतीत मात्र मी अडून बसते. कमी आचेवर ग्लेझ वितळावं म्हणून पूर्वापार शिशाचा उपयोग होत आला आहे. सगळीकडे होतो असं नाही, शिसं नसलेली कमी आचेची ग्लेझंही मिळतात. पण आपलं खाणं आंबट. आमसुलाचं सार, चिंचेची चटणी, लिंबाचं लोणचं. आंबट पदार्थ ग्लेझमधलं शिसं जास्त ओढून घेतात. ग्लेझ केलेलं टेराकोटा असेल तर ‘यात शिसं नाही ना?’ हे स्पष्ट विचारते. नीट उत्तर आलं नाही तर ते भांडं किल्ल्या, सुटे पैसे, फार तर वाळलेल्या फुलांसाठी. खाण्यासाठी नाही.

जयपूरची निळी भांडी या दोघांतही बसत नाहीत, हेही सांगून टाकते. त्यांत कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची पूड, काच, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचं ते मिश्रण. नाजूक असतात. दाराच्या मुठी, टाइल्स, भिंतीवरच्या ताटल्या यांसाठी घ्याव्यात.

डोळा तयार करायचा असेल तर भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. एकोणिसाव्या शतकात जे. जे. कलाशाळेत घडलेली मुंबईची भांडी तिथे कपाटांत आहेत, फुलं आणि वेलबुट्टीने भरलेली. मग थंडीत काळा घोडा महोत्सवाच्या स्टॉलवर फिरा. १९९९ पासून भरतोय, आणि एरवी घरातून किंवा एका खोलीच्या स्टुडिओतून काम करणारी मंडळी अशा ठिकाणी समोरासमोर भेटतात. गर्दी शनिवार-रविवारी असते. मधल्या वारी, दुपारी गेलं तर ती निवांत बोलतात, भांडं उलटं करून दाखवतात.

माझ्या त्या निळ्या वाटीचं काय झालं, तर तीन दिवस उन्हात वाळवली, वास गेला. आता ती खिडकीजवळ आहे, तिच्यात लसूण असतो. फळीवर दह्यासाठी राखाडी स्टोनवेअरची वाटी आली आहे, बुडावर बनवणारीच्या अंगठ्याचा ठसा असलेली. फळीवरचा डाग मात्र पॉलिश कागदाने घासूनही पुरता गेलेला नाही.