टेनिस सर्व्हिसमधला बॅलन्स आणि वेट ट्रान्सफर

सर्व्हिस म्हणजे पॉइंट सुरू करणारा फटका, तो मारताना शरीराचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणि तिथून वर बॉलमध्ये नेणं, याला वेट ट्रान्सफर म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बहुतेक पोरं क्रिकेट खेळून मग टेनिसला येतात, खांद्यात ताकद असतेच, म्हणून सर्व्हिसपण नुसत्या खांद्याने हाणतात, बॉल नेटमध्ये जातो आणि काही दिवसांनी खांदा धरतो. खरा जोर जमिनीतून येतो, पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट असा वर चढत जातो, आणि पायांनी काम केलं नाही की ते सगळं खांद्यावर पडतं.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या टोकाची रेघ) मागे, पंजा उजवीकडच्या नेटच्या खांबाकडे, उजवा पाय साधारण लाइनला समांतर. टॉस, म्हणजे मारण्यासाठी हाताने हवेत उडवलेला बॉल, वर जाताना गुडघे वाकतात, कंबर थोडी कोर्टाकडे सरकते आणि वजन पुढच्या पंजावर येतं. इथेच बरेच जण गडबड करतात, पुढे जायचं म्हणून छातीनेच पुढे पडतात. आधी वर, मग पुढे! कारण बेसलाइनपासून नेट ११.८९ मीटर, नेट मध्यभागी ०.९१४ मीटर उंच, आणि पलीकडे बॉल ६.४० मीटरच्या आत टाकायचा, म्हणजे जितक्या उंचावर बॉल घ्याल तितकी चुकायला जागा जास्त.

पायांच्या दोन पद्धती आहेत. प्लॅटफॉर्ममध्ये दोन्ही पाय जागेवरच राहतात, फेडररची सर्व्हिस अशी होती. पिनपॉइंटमध्ये मागचा पाय ओढून पुढच्याजवळ आणतात, शारापोवा तशी करायची. उडी चांगली मिळते पण उभं राहायला जागा अरुंद होते, शिवाय बॉल मारण्याआधी पाय लाइनवर गेला की फूट फॉल्ट, म्हणजे ती सर्व्हिस चूक धरतात. नवीन खेळाडूने प्लॅटफॉर्मच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

टॉस डोक्याच्या मागे गेला तर वजन मागेच अडकतं. तपासायला सोपं आहे, टॉस करा, मारू नका, बॉल डाव्या पंजाच्या पुढे, लाइनच्या जरा आत पडला पाहिजे. आणि मारल्यावर डाव्या पायावर कोर्टाच्या आत उतरा, उजवा पाय मागे उचललेला, आणि तसेच क्षणभर थांबून बघा. डावीकडे कलंडत असाल तर बहुतेक वेळा टॉस डावीकडे गेलेला असतो, रॅकेटला दोष देऊ नका. क्रिकेटवाल्या पोरांना बाउंड्रीवरून कीपरकडे थ्रो करतो तसं म्हटलं की पटकन कळतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, खेळ सकाळी लवकर नाहीतर दिवे लागल्यावरच. सिमेंटच्या कोर्टवर बारीक धूळ बसते, पुढचा पाय सरकला की सगळा बॅलन्स गेला, म्हणून बेसलाइनजवळ आधी झाडू मारून घ्यावा. पावसाच्या आधी वारं सुटतं तेव्हा टॉस थोडा खाली ठेवावा. पहिली सर्व्हिस चुकल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसला पाय ढिले सोडू नयेत, स्पिन वाढवायचा, पण गुडघे तेवढेच वाकले पाहिजेत.