शृंगारौचित्य, कथालेखनातील
शृंगारौचित्य : कथा-कादंबरीत प्रेमसंबंध व शरीरसंबंध रंगवताना लेखकाने राखावयाचे तारतम्य. ‘अश्लीलता टाळणे’ हा त्याचा रूढ अर्थ तोकडा आहे. किती दाखवले याइतकेच कोणाच्या इच्छेने, कोणाच्या नजरेतून व कोणत्या परिणामांसह दाखवले, हेही त्यात येते.

‘अश्लील’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. वैदिक ‘अश्रीर’ (श्री नसलेले, कळाहीन) या शब्दाशी तो जोडला जातो. र-ल बदल संस्कृतात नवा नसल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास मूळ अर्थ कुरूपतेचा आहे, लैंगिकतेचा नाही, आणि ‘श्लील’ हा मागाहून उलटा घडवलेला शब्द असावा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अश्लील दोषाचे व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस) व अमंगल असे तीन प्रकार सांगितले. किळस आणणारे किंवा मरण सुचवणारे पदही त्याच्या लेखी अश्लीलच. मराठीत व्यवहारात त्यांतला पहिलाच प्रकार उरला.

भरतमुनींच्या नावे असलेल्या ‘नाट्यशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा काळ साधारणतः इ. स. पू. 200 ते इ. स. 200 यांच्या दरम्यान मानतात. रंगमंचावर शयन, चुंबन, आलिंगन दाखवू नये असे त्यात सांगितले आहे. कारणही दिले आहे : नाटक बाप, मुलगा, सून व सासू एकत्र बसून पाहतात. म्हणजे हा निषेध कृतीमुळे नसून प्रेक्षागृहातल्या नात्यांमुळे आहे. याउलट महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशती या कवितासंग्रहात चोरट्या भेटी, संकेतस्थळे, गोदाकाठ हे सारे मोकळेपणाने येते. परंपरा हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावे देते. आज मिळणाऱ्या पाठात मात्र उत्तरकालीन भर बरीच असावी. औचित्यभंगावाचून रसभंगाला दुसरे कारण नाही, असे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने (नववे शतक) म्हटले. तरीही शिवपार्वतींच्या संभोगवर्णनातला दोष कालिदासाच्या प्रतिभेने झाकला जातो, अशी सूट त्यानेच दिली. मम्मटाने ती दिली नाही; असे वर्णन त्याला आईबापांच्या संभोगवर्णनासारखे वाटले.

आधुनिक मराठीत हा प्रश्न कोर्टात गेला. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, तर 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. लैंगिक उल्लेख आहे एवढ्यावरून कथा अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. दिवाळी अंक घरी आला की तो आजोबांपासून नातीपर्यंत सगळे चाळतात. नाट्यशास्त्रातली सासू-सून इथेही हजर होती, असे म्हणता येईल. 1868 च्या हिक्लिन निकालाची इंग्रजी कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनांना बिघडवणारा मजकूर तो अश्लील) सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बाजूला ठेवून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. 1 जुलै 2024 पासून अश्लील मजकुराच्या विक्रीबाबतच्या भारतीय दंड संहितेतील पूर्वीच्या कलम 292 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली. अल्पवयीन पात्रांबाबत लेखकाने वेगळीच सावधगिरी बाळगायला हवी : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 ब मुलांच्या अश्लील चित्रणात मजकूरही धरते.

अलंकारशास्त्रातून आलेला सर्वांत अवघड वारसा ‘कुट्टमित’ हा होय : प्रियकराने केस वा ओठ पकडता मनातून सुखावलेल्या नायिकेने वरवर त्रास दाखवणे. लावणीतला लटका राग याच कुळातला. हा संकेत आजच्या कथेत जसाच्या तसा आला की खरा नकारही लटका वाचला जातो. समजा, ठाण्याच्या तलावपाळीवर तिशीतली दोघे बसली आहेत. ‘त्याने तिचा हात धरला, ती लाजली’ या वाक्यात तिची इच्छा कुठेच नाही. ‘त्याने हात पुढे केला. तिने भेळेचा कागद कट्ट्यावर ठेवला, बोटे ओढणीला पुसली आणि हात दिला’ यात ती आहे, आणि संमती हा शब्द न उच्चारता आहे.

शब्दांची अडचण वेगळीच. एका बाजूला शरीरशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत, दुसऱ्या बाजूला शिवी. ‘शेज’, ‘निजणे’, ‘अंगसंग’ असे मधले शब्द मागे पडले. शब्द सुचला नाही म्हणून दिवा मालवणे हे औचित्य नव्हे.

कथा ठाणे वा नवी मुंबईत घडत असेल तर जागेचाही विचार करावा लागतो. नौपाड्यातली जुनी दोन खोल्यांची घरे, येऊरचा रस्ता, वाशीचा सागर विहार, 2004 मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी लोकल : यांतला एकांत उसना असतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने बांधलेल्या लहान घरातल्या नवविवाहितांच्या प्रसंगात सासू प्रेक्षागृहात नसते. ती पातळ भिंतीपलीकडे झोपलेली असते, आणि कडीचा आवाज होऊ नये म्हणून दार नुसतेच लोटलेले असते.