गर्भलिंगनिदान: सुईपासून रक्तचाचणीपर्यंतची पन्नास वर्षं

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये एक पाटी दिसते: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी लावणं सक्तीचं आहे. आज बाकावर बसून नंबर येण्याची वाट पाहणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. पण त्या दोन ओळी भिंतीवर लागेपर्यंत बरंच काही घडलं, आणि त्यातलं पुष्कळसं मुंबई, पुणे, कोल्हापूर, सातारा, बीड इथे घडलं. आता दहाव्या आठवड्यातच आईच्या रक्तावरून गर्भाची गुणसूत्रं तपासता येऊ लागल्याने हा विषय नव्याने पुढे आला आहे. म्हणून ही पार्श्वभूमी.

मुलगी नको ही भावना कोणत्याही यंत्राने आणलेली नाही. वंशाचा दिवा, परक्याचं धन, हुंडा, म्हातारपणाची काठी हे सगळं आधीपासूनचं आहे. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या. तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं. २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा २८० हून अधिक मुलींची नावं बदलली. पण एक लक्षात घ्यायला हवं. नकुशी जन्माला आली होती, शाळेत जात होती, तिला नाव बदलून देता आलं. तंत्रज्ञान आल्यानंतर नकोशी मुलगी जन्मालाच येईनाशी झाली, आणि हा फरक मोजायला जनगणनेची वाट पाहावी लागली.

सुरुवात सुईने झाली. गर्भजल चाचणी भारतात आली ती १९७४-७५ च्या सुमारास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, गर्भातले जनुकीय दोष ओळखण्यासाठी. सोळाव्या ते अठराव्या आठवड्यात पोटातून सुई घालून थोडं गर्भजल काढायचं, त्यातल्या पेशी वाढवायच्या, गुणसूत्रं पाहायची. निकालाला दोन-तीन आठवडे लागत. गुणसूत्रं पाहिली की गर्भाचं लिंगही कळतं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्येच झाला होता. दोन वेगवेगळ्या, आपापल्या जागी योग्य अशा गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. हे लक्षात येताच केंद्र सरकारने १९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत लिंग पाहण्यासाठी ही चाचणी करायला बंदी घातली. खाजगी दवाखान्यांना ती लागू नव्हती, त्यामुळे चाचणी तिकडे गेली. १९७९ मध्ये अमृतसरच्या एका खाजगी रुग्णालयाने तिची उघड जाहिरात केली. पुढे मुंबईच्या लोकलमध्येही जाहिराती झळकू लागल्या. आत्ता काही शे रुपये खर्च करा आणि पुढचे हजारो वाचवा, असा त्यांचा आशय असे. पुढचे हजारो म्हणजे हुंडा, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

या जाहिरातींच्या विरोधात मुंबईत जे लोक उभे राहिले, त्यांचं काम महाराष्ट्राने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. १९८५-८६ च्या सुमारास स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले आणि गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. विभूती पटेल, छाया दातार, डॉ. रवींद्र रु. पं. अशी मंडळी त्यात होती. मोर्चे निघाले, पथनाट्यं झाली. राज्य सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतले ४२ जण लिंग पाहण्यासाठी गर्भजल चाचणी करत असल्याचं पुढे आलं. शंभरातले चौऱ्याऐंशी. 'काही वाईट डॉक्टर' हे स्पष्टीकरण या एका आकड्यापुढे टिकत नाही.

१९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याला भोकं होती आणि ती मंचाच्या लोकांनी तेव्हाच दाखवली होती. खाजगी केंद्रांना परवाने देऊन चाचणी चालू ठेवायला वाव होता. नागरिकाला थेट कोर्टात जाणं अवघड होतं. आणि राज्याची हद्द ओलांडली की कायदा संपत होता. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला कर्नाटक किती लांब? तरीही याच कायद्यामुळे केंद्राला पाऊल उचलावं लागलं. संसदेने १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

तोवर सुई मागे पडली होती. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतले तडे शोधायला कारखान्यात वापरतात ते ध्वनिलहरींचं यंत्र माणसाच्या पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. तिथून सोनोग्राफी वाढली. गर्भाचे ठोके, वाढ, व्यंग, वारेची जागा, जुळी आहेत का, हे सगळं तिने दाखवलं. तिच्यामुळे किती बाळंतपणं सुखरूप झाली याची मोजदाद नाही. ती स्वस्त होती, तिला सुई लागत नव्हती, निकाल तिथल्या तिथे मिळत होता. गर्भजल चाचणीसाठी मोठं शहर आणि प्रयोगशाळा लागे. सोनोग्राफीला एक खोली, एक यंत्र आणि वीज पुरेशी होती. १९९१ नंतर आयात सोपी झाली, देशात यंत्रं बनू लागली, डॉक्टरला हप्त्यावर मिळू लागली. तालुक्याच्या गावी पाण्याच्या पाइपलाइनआधी सोनोग्राफी पोचली असं लोक म्हणत.

आणि निकाल सांगायला तोंडाने 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणण्याचीही गरज नव्हती. बाहेर येऊन डॉक्टर म्हणणार 'पेढे वाटा', नाहीतर 'जिलेबी आणा'. याचा पुरावा कोर्टात काय द्यायचा?

२००१ ची जनगणना आली तेव्हा धक्का बसला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ होतं, ते ९१३ झालं. जिल्हे पाहिले तर आणखी बोचतं. कोल्हापूर ८३९. सांगली ८५१. आणि गडचिरोलीत ते साडेनऊशेच्या वर. जिथे ऊस, पाणी, साखर कारखाने, रस्ते, डॉक्टर, शिक्षणसंस्था, तिथेच मुली कमी. गरिबी आणि अडाणीपणा हे कारण सांगणाऱ्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवावा. जमिनीचा तुकडा आहे तिथे वारसाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. तो कायदा मोलाचाच. पण घरोघरी लग्नानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत चालूच राहिली.

याच काळात कुटुंब लहान झालं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा हा सर्वांत कमी बोलला गेलेला धागा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईला सरासरी तीनच्या जवळ मुलं होत. २०१९-२१ मध्ये हा आकडा १.७ वर आला. पूर्वी मुलगा होईपर्यंत बाळंतपणं होत राहायची. दोनच मुलं हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, असं ठरलं की पहिल्या मुलीनंतरचं दुसरं बाळंतपण ही परीक्षा होते. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात नेमकं हेच दिसलं: पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या जन्माचं प्रमाण १९९० ला हजार मुलग्यांमागे ९०६ मुली होतं, ते २००५ ला ८३६ झालं. पहिला मुलगा असेल तिथे अशी घसरण नव्हती. सरकारही दोन मुलांसाठी आग्रही होतं. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. नियमाचा हेतू काहीही असो, त्याचं ओझं दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईवर पडलं. 'तपासून घेऊ' हे वाक्य घरात कोण उच्चारतं हे प्रत्येक घरात वेगळं, पण पिशवी खाली करायला टेबलावर तीच जाते. केंद्राच्या कायद्याने निदान इतकं मानलं की तिच्यावर नवऱ्याने वा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असं न्यायालयाने गृहीत धरावं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.

कायदा होता, पण हलत नव्हता. २००० मध्ये मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि याच प्रश्नावर काम करणारे डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतलं, यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदीदारांच्या याद्या मागवल्या. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. मुली आहेत, आता मुलगा निवडू द्या, घराचा समतोल साधू द्या, असा एका जोडप्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने अशी आव्हानं २००५ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये फेटाळली.

अंमलबजावणीचा कणा म्हणजे एफ फॉर्म. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला तो भरावा लागतो. नाव, पत्ता, हयात मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, कोणी पाठवलं, कशासाठी. खाली दोन सह्या: बाई लिहून देते की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, डॉक्टर लिहून देतो की मी ते पाहिलं वा सांगितलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. रकाना रिकामा राहिला तरी गुन्हा धरतात, ही डॉक्टरांची जुनी तक्रार. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही: नोंदीच नसतील तर गुन्हा कळणार कसा? मला हे पटतं. मात्र कारवाईच्या धास्तीने छोट्या गावात डॉक्टर यंत्र ठेवायलाच कचरतो आणि अडलेल्या बाईला जिल्ह्याला धावावं लागतं, ही बाजूही खरी आहे.

कोल्हापुरात यंत्रावर यंत्राचीच नजर ठेवण्याचा प्रयोग झाला. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. झालेली प्रत्येक तपासणी त्यात साठायची. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने रुग्णाच्या खाजगीपणाचा मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं. ऑगस्ट २०११ मध्ये उच्च न्यायालयाने प्रशासनाच्या बाजूने निकाल दिला. त्या वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूर ८६३ वर आलं, सांगली ८६७ वर. पण राज्य ८९४ वर घसरलं, आणि बीड ८०७ वर. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर कार्यकर्त्या पाठवून स्टिंग केली, बीड जिल्ह्यातल्या परळीत एका डॉक्टर दांपत्याच्या दवाखान्यात चालणारं गर्भलिंगनिदान त्यांनी २०१० मध्येच उघड केलं होतं. तरी २०१२ मध्ये त्याच दवाखान्यात गर्भपातात एका बाईचा जीव गेल्यावरच यंत्रणा जागी झाली. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगलीजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

जन्मालाच न आलेल्या मुलींची जागा समाजात आता दिसते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. त्यांच्या निवेदनात गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा ही मागणी होती. शेतीचं उत्पन्न, मुलींच्या बदललेल्या अपेक्षा ही कारणंही आहेतच. पण ते जन्मले त्या वर्षांचे आकडे विसरून या मोर्चाकडे पाहता येत नाही.

आता रक्तचाचणी. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो, हे १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो यांनी दाखवलं आणि २०११ पासून त्यावरच्या चाचण्या बाजारात आल्या. डाउन सिंड्रोमसारखे दोष त्यातून लवकर कळतात. सुईचा धोका टळतो. भारतात ही चाचणी कायद्याच्या कक्षेत आहे आणि अहवालात लिंग देता येत नाही. अमेरिकेत ते सर्रास सांगतात, आणि तिथेही २००० च्या जनगणनेच्या अभ्यासात भारतीय, चिनी, कोरियन घरांत दोन मुलींनंतरच्या तिसऱ्या अपत्यांत मुलगे जास्त असल्याचं आढळलं होतं. सुबत्तेने आणि स्थलांतराने ही इच्छा जात नाही.

आपली सगळी देखरेख आजवर यंत्राभोवती रचलेली आहे: मशीनची नोंदणी, मशीनला सील, मशीनवर कॅमेरा. रक्ताचा नमुना कुरिअरने परराज्यात, परदेशात जातो आणि अहवाल मोबाइलवर येतो. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात जन्मावेळचं प्रमाण ९१३ होतं, आधीच्या फेरीत ते ९२४ होतं. नमुने कुठून कुठे जातात, प्रयोगशाळेच्या संगणकात लिंगाची नोंद कोणाला दिसते, परदेशी कंपनी भारतातल्या पत्त्यावर काय कळवते, हे तपासण्याचं काम आत्ताच समुचित प्राधिकाऱ्यांच्या यादीत यायला हवं. सोनोग्राफीच्या वेळी आपण दहा-पंधरा वर्षं उशिरा जागे झालो होतो.