कुरळं गंगावन घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

दुकानात टांगलेलं कुरळं गंगावन छानच दिसतं. त्याची पारख होते पाणी लागल्यावर. म्हणून आमच्या काउंटरवर पाण्याचा मग कायम भरलेला असतो. पट्टीचं, म्हणजे एका कडेला शिवून जोडलेल्या केसांच्या झालरीचं, टोक त्यात बुडवा, टॉवेलने टिपा आणि वाळू द्या. वाफेवर पक्कं केलेलं वळण परत जागेवर येतं. नुसती गरम सळई फिरवून दिलेलं असेल तर केस सरळ लोंबतात. तुम्ही कुठूनही घ्या, पण ओलं करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खऱ्या केसांतही दोन जाती आहेत. तिरुपतीसारख्या देवस्थानात अर्पण केलेले केस एकाच वेळी उतरवलेले असतात, त्यामुळे मुळं एकीकडे, टोकं एकीकडे ठेवता येतात. केसाच्या अंगावर माशासारखे बारीक खवले असतात. सगळ्यांचे खवले एकाच दिशेला असले की केस एकमेकांत अडकत नाहीत. याला ‘रेमी’ म्हणतात. दुसरी जात गुंतवळाची, म्हणजे केसांवर भांडी देणारी बाई दारावरून घेऊन जाते ते. त्यात सगळं उलटसुलट. म्हणून आम्लात बुडवून खवले काढतात आणि वरून सिलिकॉन चढवतात. गंमत म्हणजे नवं असताना हेच जास्त चमकतं! थोड्या धुण्यांत थर उतरला की गाठी सुरू. आम्ही हा मालही ठेवतो, पण सांगून विकतो. एका लग्नापुरतं हवं असेल तर तो पुरे.

कृत्रिम धागा मिसळल्याची शंका आली तर एक केस चिमट्यात धरून काडी लावा. खऱ्या केसाची राख बोटांत चुरते, धाग्याचा कडक मणी होतो.

लांबीत बरेच जण फसतात. कुरळे केस ताणून मोजतात, त्यामुळे 18 इंची पट्टी डोक्यावर 14-15 इंचीच वाटते. वळण बारीक असेल तर आणखी आखूड. 100 ग्रॅमची एक जुडी दाटपणासाठी पुरते, अख्खं डोकं भरायला दोन-तीन लागतात. वळण जुळवताना स्वतःची ओली बट बघा : ती पेन्सिलीएवढी वळते, मार्करएवढी की त्याहून जाड खडूएवढी?

क्लिपचं गंगावन रात्री काढून ठेवता येतं. शिवून बसवायचं असेल तर आधी डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात आणि त्यांवर पट्टी सुईदोऱ्याने शिवतात. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये रुळलेली ही पद्धत. अमेरिकेत क्रिस्टिना जेंकिन्स यांना 1952 मध्ये तिचं पेटंट मिळालं. असं वीव्ह, म्हणजे शिवून बसवलेलं गंगावन, सहा ते आठ आठवड्यांत काढायचंच. पहिल्या रात्री डोकं ठणकलं तर ‘सवय होईल’ म्हणून सोसू नका, दुसऱ्या दिवशी येऊन सैल करून घ्या. सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात.

आता निगा. या केसांना मुळातून तेल मिळत नाही, त्यामुळे कोरडेपणा हाच त्यांचा शत्रू. पण म्हणून खोबरेल थापू नका : वळण जड होऊन लोंबतं, धूळ बसते, टेपने चिकटवलेली पट्टी असेल तर सुटते. धुताना सल्फेटविरहित शाम्पू पाण्यात कालवून वरून खाली सोडा, चोळू नका. कंडिशनर टोकांना भरपूर लावा आणि तो असतानाच मोठ्या दातांच्या फणीने खालून वर सोडवत या. कोरड्या कुरळ्या केसांत फणी घातली की संपलंच. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

शिवलेलं वीव्ह ओलं ठेवून झोपू नका. पावसाळ्यात तर नाहीच. आतल्या वेण्या दमट राहून वास येतो, खाज सुटते. उशीला सॅटिनचा अभ्रा घाला. रंग गडद करता येतो, उजळ करायला जाऊ नका. मेंदी लावण्याआधी आम्हाला विचारा.

निवडायला येताना केस धुऊन, तेल न लावता आणि शक्यतो दिवसाउजेडी या. ट्यूबलाइटमध्ये काळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात.