मेजर, बंदुकीच्या परवान्याला नुसतं डिस्चार्ज बुक पुरत नाही

आपल्या सातारा-सांगलीकडे लष्करातून परतलेल्या माणसाचा हुद्दा कोणताही असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. वय चाळिशीचं, अंगात दम असतो, आणि बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या दारात गनमन म्हणून बोलावणं येतं. बारा बोअरची बंदूक आणि परवाना स्वतःचा पाहिजे, एवढीच अट. मग माणूस डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, पिशवीत घालून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेच्या खिडकीशी जातो, आणि तीन-चार फेऱ्या फुकट गेल्या की माझ्यासारख्या अर्ज भरून देणाऱ्याकडे येतो. बोलावणं आल्यावर धावपळ करण्यापेक्षा कागद आधी जमवा.

या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारीच जिल्हादंडाधिकारी म्हणून देतात. नमुना ए-१ मधला अर्ज ऑनलाइन भरायचा, छापील प्रत, फोटो, ओळख, जन्मतारीख आणि पत्त्याचे पुरावे जोडून गृह शाखेत द्यायचे. अर्ज पुढे तुमच्या ठाण्यात चौकशीला जातो. पोलिसांच्या अहवालाला 30 दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला 60 दिवस, असं 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. ते दिवस बोटांवर मोजत बसू नका. आपला कागद ठाण्यात कोणत्या अंमलदाराकडे आहे ते विचारून या.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर. "बावीस वर्षं रायफल खांद्यावर होती, मला कोण शिकवणार?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता नुसता चहा सांगतो. राग रास्त आहे, पण टेबलापलीकडच्या कारकुनाला फाइलमध्ये कागद लागतो. शस्त्र हाताळणं, बाळगणं, साठवणं आणि निगा या विषयांचं प्रशिक्षण झाल्याचा हा कागद. डिस्चार्ज बुकातल्या कोर्सच्या नोंदीवर भागत असेल तर उत्तमच, पण तसं गृह शाखेत आधी विचारून घ्या. गृहीत धरलेल्यांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

आणि खरं सांगायचं तर शिकण्यासारखंही असतं. पाटण भागातल्या एका सुभेदार साहेबांनी एकदा आपली जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, दाखवायला आणली. बाहेरून लखलखीत. बंदूक बिजागरीतून उघडून नळी उजेडाकडे धरली तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी तांबूस गंज. पावसाळाभर ती चामड्याच्या म्यानात ठेवलेली होती आणि चामडं ओल धरून ठेवतं. युनिटमध्ये पुलथ्रू (नळीतून ओढून ती साफ करायची दोरी), चिंदी, तेल हे रोजचं होतं, इन्स्पेक्शनची भीती होती. घरात ती भीती नाही. दुनळीला नळीत घालायची सळई वेगळी लागते. बंदूक बिघडली तर गावातल्या लोहाराकडे नेऊ नका, दुरुस्तीलाही परवानाधारकच लागतो.

वैद्यकीय दाखल्यावरही असंच होतं. 'शेप-वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असं लिहिलेला सैन्याचा कागद लोक अभिमानाने जोडतात. इथे मागतात तो मानसिक व शारीरिक स्वास्थ्याचा नवा दाखला, त्यात नशेच्या पदार्थांवर अवलंबून नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. ते वाक्य नसेल तर डॉक्टरांकडे पुन्हा चक्कर.

नावाचा घोळ तर विचारू नका. आधारवर पूर्ण नाव, सैन्याच्या कागदावर आडनाव आधी किंवा वडिलांचं नावच नाही. अजून नोकरीत असाल तर युनिटमधूनच दुरुस्ती करून घ्या. निवृत्तीनंतर रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहावी लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला आहे, तिथून उत्तर येईपर्यंत नोकरी दुसऱ्याला जाते.

अर्जात शस्त्र कशासाठी हवं याचा रकाना असतो. स्वसंरक्षणासाठी मिळालेला परवाना बँकेच्या दारातल्या कामाला चालेलच असं धरू नका. खरं कारण लिहा, मालकाचं पत्र जोडा. खासगी सुरक्षा एजन्सीतर्फे जाणार असाल तर प्रशिक्षण वेगळंच. केंद्राच्या आदर्श नियमांत माजी सैनिकांना सवलत आहे, तरीही 40 तास वर्गात आणि 16 तास मैदानावर, किमान 7 कामाचे दिवस. आणि 7.62 किंवा 9 मिमीचं नाव काढू नका, ते प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही.

पोस्टिंगच्या ठिकाणी परवाना काढून आलेल्यांनो, बंदूक घेऊन गावी कायम राहायला आलात की 30 दिवसांत इथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं असतं. सवडीने कळवू म्हणणारे नूतनीकरणाच्या वेळी अडकतात. तुमच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे परवानाधारकांच्या राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक, आहे का तेही आजच बघा.

नूतनीकरणाची तारीखही लोक चुकीची वाचतात. परवान्यावर छापलेला दिवस हा संपण्याचा, अर्ज करण्याचा नव्हे. अर्ज त्याच्या निदान 60 दिवस आधी गेला पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, त्यामुळे लोक आणखी निवांत झालेत. मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली तर बाळगणं बेकायदेशीर. ती लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. नोकरीत असलेला जवान युनिटच्या शस्त्रागारातही ठेवू शकतो. निवडणुकीच्या वेळी जमा करायला सांगतात तेव्हाही तसंच. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तिथेच वाचून घ्या, मग ठाण्याची पायरी उतरा.