कुरकुरीत हाड, नळी आणि पन्नास वर्षांची जखम

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की माणसांच्या आवडीनिवडी ऐकायला मिळतात. कुणाला नळी हवी असते, कुणाला सीन्याची कुरकुरीत हाडं, तर कुणी ‘चरबी जरा कमी टाका’ म्हणून बजावत असतं. खाटीक बोलता बोलता मांसावरचा पातळ पांढरा पडदा सुरीने ओढून काढतो, चिवट पांढऱ्या शिरा बाजूला टाकतो. नळी, कुरकुरीत हाड, चरबी, पडदा, शीर आणि ओट्यावर सांडलेलं रक्त ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. शाळेच्या पुस्तकात या घराण्याला ‘संयोजी ऊती’ म्हणतात. बोकडात जे आहे तेच आपल्यातही आहे. शाकाहारी वाचकांनी आपलाच कान चाचपून पाहावा.

आता रक्त आणि हाड एकमेकांचे भाऊबंद कसे? याचं उत्तर पेशींपेक्षा त्यांच्यामधल्या जागेत सापडतं. यकृतात किंवा त्वचेच्या वरच्या थरात पेशी संध्याकाळच्या विरार लोकलसारख्या एकमेकींना खेटून असतात. संयोजी ऊतींमध्ये त्या माळरानावरच्या वस्तीसारख्या विरळ असतात, आणि ते माळरान बहुतेक ठिकाणी त्यांनीच घडवलेलं असतं. त्याला आधारक म्हणतात. आधारक पातळ राहिलं की रक्त, खरवसासारखं घट्ट झालं की कूर्चा, म्हणजे ते कुरकुरीत हाड, त्यात कॅल्शियमचे क्षार बसले की हाड. चरबी तेवढी घराण्याची रीत मोडते. तिच्यात तेलाने टम्म फुगलेल्या पेशीच जास्त, आधारक नावापुरतं.

या आधारकात दोन प्रकारचे धागे महत्त्वाचे. इलॅस्टिन ताणून सोडलं की मूळ जागी येतं. तळहाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडा. लहान मुलाची लगेच सपाट होते, आजीची बराच वेळ उभी राहते. मोठेपणी शरीर नवीन इलॅस्टिन फारसं बनवत नाही. दुसरा धागा कोलॅजेन. तो फारसा ताणत नाही, सहजासहजी तुटतही नाही. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के हे एकटं कोलॅजेन असतं.

हाडात ते कुठे असतं हे घरीच पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा. आम्लात क्षार विरघळून जातात आणि मागे राहतं ते चक्क रबरासारखं वाकतं. हाडाचा आकार तोच, ताठपणा गायब. असंच दुसरं हाड विस्तवात भाजलं तर उलट होतं: कोलॅजेन जळतं, क्षार उरतात आणि हाड खडूसारखं चुरतं. वजनाने हाडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो, पण त्या क्षारांना एकत्र धरून ठेवतो तो हा धागा.

कोलॅजेनचे धागे एकाच दिशेने घट्ट बसवले की दोर होतो. स्नायू हाडाला बांधणारा दोर म्हणजे स्नायुरज्जू, हाड हाडाला बांधणारा अस्थिबंध, म्हणजे कबड्डीपटूंच्या तोंडी असलेलं ‘लिगामेंट’. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवा; मधोमध एक दोरी उठून दिसेल. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. गंमत म्हणजे आज आपण मांसपेशीला स्नायू म्हणतो, पण सुश्रुताच्या लेखी स्नायू म्हणजे हे बंधच होते. त्याने त्यांची संख्या ९०० दिली आहे आणि उपमा नावेची: फळ्या दोऱ्यांनी नीट बांधलेल्या असतील तरच नाव पाण्यावर भार पेलते.

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. सांध्यातलं द्रव खरं तर संपत नाही, झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातच तिच्या पेशींना आजूबाजूच्या द्रवातून अन्न मिळतं. म्हणूनच ती एकदा गेली की नीटशी भरून येत नाही. हाडाला मात्र रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, त्यामुळे मोडलेला हात काही आठवड्यांत सांधतो. कोलॅजेनची पावडर प्यायल्याने काम होईल असं वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या की पोटात गेल्यावर तिचे तुकडे होतात. ती गुडघ्याचा पत्ता शोधत जात नाही.

कोलॅजेनच्या रेणूची रचना उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूवर क्ष-किरण टाकून दाखवलं की ही तीन पदरी वेणी आहे. वेणीच्या पोटात जागा इतकी कमी की प्रत्येक पदरात दर तिसरं अमिनो आम्ल (ज्यांच्या माळेतून प्रथिन बनतं तो मणी) सगळ्यात लहान, म्हणजे ग्लायसिनच, असावं लागतं.

ही वेणी शरीराच्या उष्णतेत टिकावी म्हणून पेशी तिच्यावर एक रासायनिक प्रक्रिया करतात आणि तिला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की नवी वेणी कच्ची राहते आणि उसवते. जुनं कोलॅजेन तर शरीर सतत मोडत असतं, भरलेल्या जखमेच्या व्रणातलंसुद्धा. विणकाम थांबलं की नुसतं उसवणं उरतं. त्यालाच स्कर्व्ही म्हणतात.

१७४० साली इंग्लंडहून निघालेल्या जॉर्ज ॲन्सनच्या आरमारी ताफ्यात एक म्हातारा सैनिक होता. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा तेव्हाच भरल्या, नंतर त्याला वर्षानुवर्षं काही त्रास नव्हता. ताज्या भाज्या-फळांशिवाय लांबलेल्या त्या प्रवासात त्याला स्कर्व्ही झाला, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या जखमा पुन्हा उघडल्या. कधीकाळी मोडून पक्कं सांधलेलं त्याचं हाडही सुटं झालं, जणू कधी जुळलंच नव्हतं.