तारांच्या उपचाराची पार्श्वभूमी : डॉक्टरांच्या सूचना कुठून आल्या

विदर्भातल्या खेड्यांत शाळकरी मुलामुलींच्या दातांवर तारा दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या पाटीवर वेड्यावाकड्या दातांच्या उपचाराची ओळ असते, आणि मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की पुढे आलेल्या दातांबद्दल घरातली मोठी माणसेही चौकशी करू लागतात. तारा बसवल्यावर मात्र दर महिन्याला या, ऊस दाताने सोलू नका, तारा निघाल्यावरही रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे उपकरण) लावा, अशा ज्या सूचना मिळतात त्यांचे कारण क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे त्या जाचक वाटतात आणि पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सर्वांत आधी त्याच बाजूला पडतात. यांतल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे कित्येक वर्षांचा, बहुतेकदा फसलेल्या प्रयत्नांचा, अनुभव आहे.

दात सरकतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने लिहून ठेवले आहे की, दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत त्याच्या जागी आणावा. रोजचा थोडा दाब आणि भरपूर धीर, ही दोन्ही तत्त्वे त्या एका सल्ल्यात आहेत. पुढे १७२८ मध्ये पियरे फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात घोड्याच्या नालेच्या आकाराची, भोके पाडलेली धातूची पट्टी वर्णन केली. दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधून ओढायचे, अशी ती रचना होती. आजच्या तारेची ती पूर्वज म्हणता येईल. परंतु दात सरकताना जबड्याच्या आत काय घडते, याची त्या काळी कोणालाच कल्पना नव्हती.

ते समजायला विसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दिसले की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवे हाड तयार होते. वर्धा नदी एका काठाची माती खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ टाकते, तसा दात हाडातून पुढे जातो. हे काम जिवंत पेशी करतात आणि त्यांचा वेग ठरलेला असतो. साधारणपणे दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवला म्हणून तो लवकर सरकत नाही. उलट जास्त दाबाने त्या जागचा रक्तपुरवठा थांबतो, पेशी मरतात, दात अडून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. दीड ते दोन वर्षे हा उपचाराचा सर्वसाधारण काळ इथूनच येतो. सहा महिन्यांत सर्व दात सरळ करून देतो असे कोणी म्हणाले, तर तो नेमके काय हलवणार आहे हे रुग्णाने विचारलेच पाहिजे. पुढचे दोन-तीन दात थोडे वळवणे आणि दाढांसह चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणे) जुळवणे ही वेगवेगळी कामे आहेत.

या शास्त्राला शिस्त लावली ती अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी. १८९९ मध्ये त्यांनी वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून चाव्यातील दोषांचे तीन वर्ग पाडले, आणि ते वर्ग आजही प्रत्येक दवाखान्यात वापरले जातात. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवण्याची त्यांची १९२० च्या दशकातील रचना आजच्या ब्रॅकेटचा (तार धरण्यासाठी दातावर बसवलेल्या छोट्या तुकड्याचा) पाया आहे. मात्र निसर्गाने दिलेला एकही दात काढायचा नाही, हा त्यांचा आग्रह फार कडक होता. केल्विन केस यांनी १९११ मध्ये त्याला जाहीर विरोध केला, तरी अँगल यांचाच शब्द चालला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसले की, दात न काढता सरळ केलेल्या आपल्या कित्येक रुग्णांचे दात पुन्हा विस्कटले आणि चेहराही पुढे आलेला राहिला. त्यांनी अशा रुग्णांवर उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) काढून नव्याने उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते निष्कर्ष सहकाऱ्यांपुढे ठेवले. ऑस्ट्रेलियात रेमंड बेग हेही अँगल यांच्याकडे शिकून आलेले असून याच मतावर आले, आणि बारीक गोल तारांची त्यांची हलक्या जोराची पद्धत पुढे भारतातही वापरली गेली.

हा वाद इथे सांगण्याचे कारण असे की, चांगला दात का काढायचा, हा आपल्याकडच्या पालकांचा पहिला आणि रास्त प्रश्न असतो. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे असतील तर जागा कुठून तरी करावीच लागते. प्रत्येक वेळी त्यासाठी दात काढावा लागतोच असे नाही, आणि काढायचा की नाही हे नुसते तोंडात पाहून ठरत नाही. त्यासाठी दातांचे प्लास्टरचे साचे किंवा डिजिटल स्कॅन, सर्व दातांचा एकत्र एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे लागतो. हा शेवटचा एक्स-रे डोके एका चौकटीत स्थिर ठेवून घेण्याची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी मांडली, आणि त्यामुळे दोष दातांत आहे की जबड्यात, हे पहिल्यांदा मोजता येऊ लागले. या तपासण्या न करता पहिल्याच भेटीत तारा चिकटवणाऱ्याकडे उपचार सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेच्या प्रश्नाची एक बाजू खास आपल्या गावांची आहे. दुधाचे दात पडणारच, म्हणून ते किडले तरी आपल्याकडे दुर्लक्ष होते आणि दुखू लागले की सातव्या-आठव्या वर्षी दुधाची दाढ उपटली जाते. ती दाढ खरे तर दहा-बारा वर्षे वयापर्यंत मागच्या कायमच्या दाढेला थोपवून धरत असते. ती लवकर गेली की सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या उपदाढेची किंवा सुळ्याची वाट अडते, आणि मग सुळा हिरडीत वर अडकून पुढे निघतो. दुधाची दाढ शक्यतो भरून वाचवली, आणि काढावीच लागली तर जागा राखणारे साधे उपकरण बसवले, तर पुढचा मोठा खर्च अनेकदा टळतो. सातव्या वर्षाच्या आसपास मूल एकदा दाखवून घ्यावे, या शिफारशीचा अर्थ तेव्हाच तारा बसवाव्यात असा नाही. जबड्याची वाढ, अंगठा चोखण्याची सवय, तोंडाने श्वास घेणे या गोष्टी त्या वयात ओळखता येतात. खालचा जबडा मागे असेल तर त्याच्या वाढीला दिशा देणारी उपकरणे वयात येण्याच्या काळातच उपयोगी पडतात. नुसते दात सरळ करायला मात्र वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर चाळिशीतही उपचार होतो.

ब्रॅकेट दातावर चिकटवणे ही तर १९६० च्या दशकातील गोष्ट आहे. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे चढवावे लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की आम्लाने दाताचे वरचे आवरण किंचित खरवडले तर प्लास्टिकसदृश द्रव्य त्याला घट्ट धरते, आणि १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी त्याच आधारे ब्रॅकेट चिकटवण्याची पद्धत मांडली. आज खुर्चीवर बसल्यावर हेच दिसते : दात स्वच्छ करून कोरडा केला जातो, निळसर जेल अर्धा मिनिट लावून धुतले जाते, चकाकणारा दात खडूसारखा पांढुरका दिसू लागतो, त्यावर ब्रॅकेट टेकवून निळा प्रकाश धरला की मसाला घट्ट होतो. ही पकड काम संपल्यावर सोडवता यावी इतपतच ठेवलेली असते. म्हणून भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, कडक भाकर, कणीस दाताने तोडणे यांनी ब्रॅकेट निघतो, आणि निघालेला प्रत्येक ब्रॅकेट त्या दाताचे काम लांबवतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि खड्डे असतात, आणि अशा आवरणावर ब्रॅकेटची पकड कमी बसते. गाव कोणते आणि लहानपणी पाणी कोणत्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे प्यायलो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

खर्ऱ्याबद्दल आडपडदा ठेवून उपयोग नाही. शाळकरी वयात सुरू झालेल्या खर्ऱ्यातील सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. मग मागच्या दाढांपर्यंत उपकरण पोचवणेच अवघड होते. त्यातून पुढे कर्करोगाचाही धोका असतो. ज्या मुलाच्या तोंडात खर्रा आहे त्याच्या तारांआधी खर्रा सुटला पाहिजे.

तारांचे धातूही बदलत गेले. अँगल यांच्या काळी सोन्याचे मिश्रधातू वापरत, नंतर स्टेनलेस स्टील आले, आणि १९७० च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी निकेल-टायटॅनियमची तार या कामात आणली. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला होता. ती तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परतत राहते आणि आठवडेच्या आठवडे हलका जोर देते. त्याच दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी दाताचा कल ब्रॅकेटच्या खाचेतच बसवून दिला, त्यामुळे डॉक्टरांचे तार वाकवण्याचे काम कमी झाले. तारांऐवजी दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांची, म्हणजे अलाइनरची, मूळ कल्पना १९४५ मधील केसलिंग यांच्या रबरी साच्यात होती. संगणकाने साच्यांची मालिका तयार करण्याचा व्यवसाय १९९७ नंतर उभा राहिला. अलाइनर दिवसाचे वीस ते बावीस तास लावावे लागतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरपोच मागवलेले अलाइनर घेऊ नयेत. पुढच्या दातांतली फट बुजवायला घरीच रबर बांधण्याचा प्रकार त्याहून वाईट आहे : रबर मुळाकडे सरकत जाते, हाड संपवते आणि चांगला दात हलून पडतो.

तारा निघाल्यावरचा काळ सर्वांत दुर्लक्षित असतो. हाड काही महिन्यांत स्थिरावते, पण हिरडीतले ताणलेले तंतू दाताला वर्षभर मागे ओढत राहतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने रिटेनर बंद केल्यानंतर दहा वर्षांनी तपासलेल्या रुग्णांत सुमारे दोन-तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक रांगेत राहिले नव्हते. आज रिटेनर वर्षानुवर्षे, निदान रात्रीपुरता तरी, लावायला सांगतात ते या अनुभवामुळे.

भारतात या विषयाचे शिक्षण उशिराच पोचले. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये झाला, ऑर्थोडॉन्टिस्टांची (वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची) भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. आज विदर्भातली दंत महाविद्यालये मुख्यतः नागपूर, अमरावती आणि वर्ध्याजवळच्या सावंगी परिसरात आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी पडतो, पण सिरोंचा किंवा भामरागडहून एका भेटीत घरचा एखादा दिवस सहज जातो. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा शहरातून तज्ज्ञ येतात, आणि त्या सोयीचाही उपयोग करावा. फक्त ते बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचे याच विषयाचे एमडीएस (पदव्युत्तर शिक्षण) झालेले आहेत ना, आणि ते येणे बंद झाले तर पुढचे काम कोण करणार, हे आधी विचारावे. सुरुवातीचे एक्स-रे, साचे आणि उपचाराचा कागद यांच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात. मुलगा बारावीनंतर पुण्याला गेला किंवा कुटुंब कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात हलले, तर त्या कागदांवरून दुसरा डॉक्टर काम पुढे नेऊ शकतो. सलग चार-सहा महिने जाणेच शक्य नसेल तर तारा तशाच तोंडात ठेवू नयेत, कारण तार कोणी नसतानाही दात ओढत राहते आणि ब्रॅकेटभोवती साचलेल्या अन्नाने आवरणावर कायमचे पांढरे डाग पडतात. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून काम थांबवून ठेवण्याची किंवा तारा तात्पुरत्या काढण्याची व्यवस्था करून घ्यावी.